प्रार्थना संपेपर्यंत

चर्चमध्ये कोणी कोठे बसावे, हा प्रश्न तसा किरकोळ वाटतो. मेजवानीस गेल्यावर मानाची जागा धरू नये, हा प्रभूचा दाखला संत लूकने नोंदवून ठेवला आहे आणि आमच्या पंचवीस-सव्वीस वर्षांच्या धर्मगुरुपदात त्यावर आम्ही किती वेळा प्रवचन केले, याची मोजदाद नाही. प्रवचन करणारा स्वतः कोठे बसतो, हे मात्र कोणी विचारीत नाही. त्याची खुर्ची वेदीजवळ ठरलेलीच असते.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरालगतच्या एका कॅथलिक धर्मग्रामात दीड महिना सेवा करण्याचा योग आम्हांला आला. तेथील धर्मगुरू रजेवर गेले होते आणि त्यांच्या जागी आम्ही होतो. सोमवार हा मोकळा दिवस. त्या दिवशी आम्ही आगगाडीने शहरात जात असू आणि जुन्या वस्तीत पायी भटकत असू. १७९० ते १८०० या दशकात हे शहर अमेरिकेची राजधानी होते. लाल विटांची घरे, अरुंद गल्ल्या आणि दर दोन वळणांनंतर एखादे चर्च. चौथ्या रस्त्याने उत्तरेकडे चालत गेले की एका अजस्र पुलाच्या पायथ्याशी सेंट जॉर्जेस हे मेथडिस्ट पंथाचे जुने चर्च लागते. १९२० नंतरच्या काळात हा पूल बांधताना ते पाडावे लागणार होते. परंतु पुलाचीच आखणी थोडी सरकवून चर्च वाचवण्यात आले. आपल्याकडे रस्ता रुंद करताना वाटेवरचे क्रूस हलतात, पूल हलत नाहीत. असो.

चर्च आतून साधे आहे. आम्ही जिन्याने गॅलरीत चढलो. चर्चची माहिती सांगणाऱ्या एक वृद्ध बाई आमच्याबरोबर होत्या. त्यांनी आमचा पांढरा कॉलर पाहिला आणि विचारले, की या गॅलरीची कथा आपणांस ठाऊक आहे काय. सेमिनरीत चर्चचा इतिहास शिकताना आम्हांला रोम, कॉन्स्टन्टिनोपल आणि ट्रेन्ट येथे बरेच फिरवून आणले होते. फिलाडेल्फियाच्या या गॅलरीत मात्र कोणी आणले नव्हते. बाईंनी कथा सांगितली. पुढे आम्ही ती मुळातून वाचली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या चर्चमध्ये कृष्णवर्णीय भाविक मोठ्या संख्येने येऊ लागले होते. रिचर्ड ॲलन हा गुलामगिरीतून मुक्त झालेला तरुण उपदेशक पहाटे पाच वाजता तेथे प्रवचन करीत असे आणि त्याला ऐकण्यासाठी माणसे लोटत. संख्या वाढली तशी त्यांच्या बसण्याची अडचण वाढली. आधी त्यांना भिंतीच्या कडेला बसवण्यात आले. नंतर चर्चची दुरुस्ती निघाली, नवी जमीन घातली गेली, गॅलरी उभी राहिली. या कामाला कृष्णवर्णीयांनीही हात सैल सोडून वर्गणी दिली होती. काम पुरे झाल्यावरच्या एका रविवारी ते आले, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या सेवकाने त्यांना वर गॅलरीत जाण्यास सांगितले. ते गेले आणि पूर्वी खाली जेथे बसत त्याच्या नेमके वरच्या जागी बसले. प्रार्थना सुरू झाली. सारे गुडघ्यांवर होते. इतक्यात झटापटीचा आवाज झाला म्हणून ॲलनने डोके वर केले, तर एक विश्वस्त त्याचा ज्येष्ठ सहकारी ॲब्सलम जोन्स याला दंडाला धरून गुडघ्यांवरून ओढून उठवीत होता. ही जागा तुमची नाही, असे त्याचे म्हणणे. जोन्सने प्रार्थना संपेपर्यंत थांबण्याची विनंती केली. विश्वस्ताला तेवढाही धीर नव्हता. त्याने मदतीला दुसऱ्या विश्वस्ताला खूण केली. तोवर प्रार्थना संपली. कृष्णवर्णीय भाविक सर्वच्या सर्व उठले आणि जिना उतरून बाहेर पडले ते पुन्हा त्या चर्चला ओझे झाले नाहीत.

परंपरेने ही घटना १७८७ मधील मानतात. गॅलरीच्या बांधकामाच्या हिशेबांवरून काही इतिहासकार ती १७९२ च्या सुमारास घडली असे म्हणतात. सालाचा वाद विद्वानांनी करावा. आम्ही खाली येऊन शेवटच्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. बाईंना वाटले, फादर प्रार्थना करीत आहेत. आम्ही प्रार्थना करीत नव्हतो. आम्हांला आमच्या धर्मग्रामातील एक सकाळ आठवत होती.

सणाचा दिवस होता. आमच्या चर्चचा वाढीव भाग नुकताच बांधून झाला होता आणि पुढची दोन बाके देणगीदारांसाठी राखून ठेवावीत असे पॅरिश कौन्सिलने ठरवले होते. त्याला आमची संमती होती. रेल्वेच्या पलीकडच्या वस्तीतील एक वृद्ध गवंडी नातीचा हात धरून लवकर आला आणि पहिल्याच बाकावर बसला. ही वस्ती मराठवाड्यातून बांधकामावर कामाला आलेल्या कॅथलिक कुटुंबांची. चाळीसएक घरे असतील. मिस्सा सुरू होण्यास पाच-सात मिनिटे होती. स्वयंसेवकांना संकोच वाटत होता, म्हणून आम्ही स्वतः गेलो, त्या गृहस्थाच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागच्या बाजूस बोट दाखवले. तो उठला. हात जोडून उठला. नातीने एकदा मागे वळून पाहिले. वाढीव भागातील लादी त्याने आणि त्याच्या दोन मुलांनी बसवली होती, हे आम्हांला ठाऊक होते. सायंकाळपर्यंत आम्ही सारा प्रसंग विसरलोही.

दोन महिन्यांनी वस्तीतून एक अर्ज आला. वस्तीच्या जागेत लहानसे चॅपेल बांधण्याची परवानगी मिळावी, मजुरी आमची आम्ही करू, एवढाच मजकूर आणि खाली सह्या व अंगठे. कौन्सिलच्या बैठकीत एक सभासद म्हणाले की, चार पैसे हाती खेळू लागले की माणसाला अभिमान चढतो. आम्ही त्यांना गप्प केले नाही. अर्जावर आमच्या हाताने शेरा मारला, ‘एका घरात दोन चुली नकोत’, आणि तो फायलीत लावून टाकला. शेरा आम्हांला तेव्हा सुंदरही वाटला होता.

त्यानंतरचे सारे सोमवार आम्ही ॲब्सलम जोन्सच्या मागावर घालवले.

जोन्सचा जन्म १७४६ मध्ये डेलावेअर येथे गुलामगिरीत झाला. लहानपणी कोणी हातावर ठेवलेले पैसे साठवून त्याने अंकलिपी आणि नवा करार विकत घेतला आणि भेटेल त्याच्याकडून अक्षरे शिकला. तो सोळा वर्षांचा असताना धन्याने त्याची आई आणि भावंडे विकून टाकली आणि त्याला एकट्याला फिलाडेल्फियास आणून दुकानात कामाला ठेवले. रात्री तो क्वेकर मंडळींच्या शाळेत जाई. १७७० मध्ये त्याने मेरी नावाच्या गुलाम स्त्रीशी विवाह केला. त्या काळच्या कायद्याने मूल आईच्या मागे जाई. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणून जोन्सने रात्रंदिवस राबून, उसनवारी करून पैसा जमवला आणि आधी पत्नीची सुटका विकत घेतली. स्वतःसाठी तो धन्याची आर्जवे करीत राहिला. त्याला मुक्ती मिळाली ती १७८४ मध्ये. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. विवाहसंस्काराच्या पूर्वतयारीच्या वर्गात आम्ही तरुणांना प्रेमाविषयी बरेच काही सांगतो. आता ही हकीकतही सांगतो.

एप्रिल १७८७ मध्ये जोन्स आणि ॲलन यांनी काही मित्रांसह ‘फ्री आफ्रिकन सोसायटी’ स्थापन केली. सभासदाने महिन्याला चांदीचा एक शिलिंग द्यायचा. कोणी अडचणीत सापडला, कोणाची पत्नी विधवा झाली, तर त्या निधीतून दर आठवड्याला तीन शिलिंग नऊ पेन्स. आपल्या गावोगावच्या पतपेढ्या आणि मर्तिकाच्या फंडांहून ही कल्पना फारशी वेगळी नाही. जोन्सचे चर्च जन्मले ते या शिलिंगांच्या हिशेबवहीत. आधी एकमेकांच्या विधवांची सोय, मग वेदी. आम्हां धर्मगुरूंचा क्रम पुष्कळदा उलटा असतो.

चर्चसाठी त्यांनी पाचव्या रस्त्यावर जमीन घेतली. माणसांच्या समानतेची घोषणा १७७६ मध्ये ज्या इमारतीत झाली, तिच्यापासून ही जागा हाकेच्या अंतरावर आहे. डॉक्टर बेंजामिन रश हे त्या घोषणापत्रावर सही करणाऱ्यांपैकी एक; त्यांनी या चर्चसाठी शहरात शब्द टाकला. पण वर्गणी सहज जमली असे नाही. त्या वेळी शहरातील एपिस्कोपल पंथाचे बिशप विल्यम व्हाइट हे होते. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील अँग्लिकन मंडळींनी आपल्या चर्चला एपिस्कोपल, म्हणजे बिशपांच्या आधिपत्याखालील, असे नाव घेतले होते. रश यांनी टिपून ठेवले आहे की, आफ्रिकी चर्चची ही कल्पना बिशप व्हाइट यांना रुचली नाही, कारण ती अभिमानातून निघाली आहे असे त्यांचे मत होते. ही नोंद वाचताना आम्हांला आमची बैठक आणि ते सभासद आठवले. दोनशे वर्षांच्या आणि दोन खंडांच्या अंतराने तोच एक शब्द! मागे बसवलेला माणूस मागेच बसला तर तो नम्र. उठून स्वतःची जागा बांधू लागला की अभिमानी. बिशप व्हाइट दुष्ट नव्हते, हेही सांगितले पाहिजे. पुढे जोन्सच्या मस्तकावर हात ठेवून त्याला दीक्षा देणारे तेच.

पाया खणण्याची पहिली कुदळ ॲलनने मारली. १७९३ च्या उन्हाळ्यात भिंती वर येत असतानाच पैसा आटला. त्याच सुमारास सेंट डोमिंग बेटावर गुलामांचा उठाव होऊन तेथून पळालेले गोरे मळेवाले जहाजे भरभरून फिलाडेल्फियात उतरत होते. त्यांच्यासाठी शहराने थोड्याच दिवसांत हजारो डॉलर उभे केले. काल गुलामांचे धनी असलेल्यांना हात मोकळा आणि काल गुलाम असलेल्यांच्या चर्चला मूठ आवळलेली. अखेर जॉन निकल्सन नावाच्या जमीनव्यापाऱ्याने कर्ज दिले आणि काम पुढे गेले. हा निकल्सन पुढे सट्ट्यात बुडाला आणि १८०० मध्ये कर्जबाजाऱ्यांच्या तुरुंगातच वारला. त्याच्या नावाची पाटी कोठे लागली असेल असे वाटत नाही.

छप्पर चढले त्या दिवशी, २२ ऑगस्ट १७९३ रोजी, शहराबाहेर मोठ्या झाडांखाली जेवण झाले. आधी छप्पर चढवणारे सुतार-कारागीर आणि इतर गोरे पाहुणे, मिळून शंभराच्या आसपास, पंगतीला बसले आणि कृष्णवर्णीयांनी वाढले. मग पंगत बदलली. कृष्णवर्णीय बसले आणि गोऱ्यांतील प्रतिष्ठितांनी त्यांना वाढले. डॉक्टर रश यांना त्या दिवशी इतका आनंद झाला होता की, त्यांनी पत्नीला पत्र लिहून सारे कळवले. चर्चच्या बांधकामात शेवटी कोण जेवले आणि कोणी वाढले एवढेच बहुधा लक्षात राहते. विटांचा हिशेब कौन्सिललाच पाठ असतो.

त्या जेवणाचा आनंद चार दिवस टिकला नाही. शहरात पीतज्वर पसरू लागला होता. तो डासांमुळे पसरतो हे सिद्ध होण्यास १९०० साल उजाडावे लागले. तेव्हा कोणालाच काही ठाऊक नव्हते. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीच्या शहरात चार ते पाच हजार माणसे दगावली. नवऱ्याने बायकोला टाकून जावे, मुलांनी आईबापांना शिवू नये, अशी अवस्था झाली. डॉक्टर रश यांची अशी समजूत होती की हा ताप कृष्णवर्णीयांना होत नाही. ती सपशेल चुकीची होती. पण तिच्या भरवशावर त्यांनी जोन्स आणि ॲलन यांच्याकडे मदत मागितली. दोघांनी आपल्या माणसांना एकत्र बोलावले, प्रार्थना केली आणि ते घरोघर निघाले. पहिल्याच घरात, एम्स्लीच्या गल्लीत, बाई मरून पडली होती, नवरा शेवटचे श्वास घेत होता आणि जवळ दोन लहान मुले होती. दुसरे कोणी नव्हते. तेथून जे काम सुरू झाले ते थंडी पडून साथ ओसरेपर्यंत चालले. त्यांनी रुग्णांची शुश्रूषा केली, रश यांनी शिकवल्याप्रमाणे आठशेहून अधिक लोकांचे रक्त काढले (तो उपचार पुढे चुकीचा ठरला, पण त्या वेळचे वैद्यक ते होते), आणि ज्या प्रेतांना कोणी हात लावीत नव्हते ती उचलून पुरली. चर्चला छप्पर होते, दारे-खिडक्या नव्हत्या. काम पूर्ण थांबलेले. आदल्या वर्षी, १७९२ मध्ये, शहरात ६७ कृष्णवर्णीय पुरले गेले होते. १७९३ मध्ये ३०५.

वाचकहो, यापुढचा भाग आम्हां कॅथलिकांना जवळचा आहे आणि म्हणूनच तो सांगणे जड जाते. साथ ओसरण्याआधीच मॅथ्यू कॅरी या प्रकाशकाने तिचा वृत्तान्त छापला. तो हातोहात खपला, आवृत्तीमागून आवृत्ती निघाली. त्यात त्याने जोन्स आणि ॲलन यांची नावे घेऊन स्तुती केली. परंतु हलक्या कृष्णवर्णीयांनी रुग्णांकडून रात्रीचे अवाच्या सवा पैसे उकळले आणि काही घरांत चोऱ्याही केल्या, असे लिहिले. हा कॅरी आयर्लंडमधून आलेला कॅथलिक. अमेरिकेत छापलेले पहिले कॅथलिक बायबल १७९० मध्ये याच गृहस्थाने काढले. आपल्या श्रद्धेसाठी मायदेशी अन्याय सोसलेल्या समाजातला हा मनुष्य. त्याच्या लेखणीतून दुसऱ्या सोसणाऱ्यांवर शिंतोडे उडावेत!

जोन्स आणि ॲलन यांनी १७९४ च्या आरंभी पुस्तिका छापून उत्तर दिले. आम्ही ती वाचली आहे. तिच्यात आक्रस्ताळेपणा नाही, हिशेब आहे. मजुरीचे दर चढले ते गोऱ्यांनीच एकमेकांवर बोली चढवल्यामुळे; गोऱ्या शुश्रूषकांनीही चोऱ्या केल्या, पण त्यांच्यामुळे सारे गोरे बदनाम झाले नाहीत; साऱ्या सेवेत आम्हांला जे मिळाले त्याहून १७७ पौंडांवर अधिक खर्च आमच्या पदरचा झाला; आणि कॅरी स्वतः ऐन साथीत काही काळ शहराबाहेर होता, तरी पुस्तकावर त्याने आमच्यापैकी कोणाहूनही अधिक कमावले. चोरीचा आळ आलेल्या माणसाला पै-पैचा जमाखर्च मांडावा लागतो. ज्याच्यावर आळ येत नाही त्याच्याकडे हिशेब कोण मागतो?

आपल्या धर्मगुरूंविषयीही सांगावे, नाहीतर चित्र एकांगी होईल. फादर लोरेन्झ ग्रेसल आणि फादर फ्रान्सिस फ्लेमिंग हे दोन कॅथलिक धर्मगुरू त्याच साथीत रुग्णांची सेवा करता करता मरण पावले. ग्रेसल यांची तर बिशप कॅरल यांचे साहाय्यक बिशप म्हणून निवड झालेली होती.

चर्च पुरे झाले. १७ जुलै १७९४ रोजी त्याचे दार उघडले आणि प्रेषित संत थॉमसचे नाव त्याला देण्यात आले. भारतात आलेला आपला थॉमस तो हाच. अंधारात चालणाऱ्या लोकांना प्रकाश दिसल्याची यशया संदेष्ट्याची भविष्यवाणी दर्शनी भागावर कोरली होती. त्या दिवशीचे प्रवचन सॅम्युएल मॅगॉ या एपिस्कोपल धर्मगुरूने केले आणि तेही त्याच वचनावर. त्याने कृष्णवर्णीयांना काय सांगावे? ज्या गोऱ्या हितकर्त्यांनी मदत केली त्यांचे ऋण स्मरावे आणि अभिमानापासून जपावे. पुन्हा अभिमान! आदल्याच वर्षी या लोकांनी शहराची प्रेते उचलली होती. जोन्स आणि त्याच्या विश्वस्तांनी वाद घातला नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपले चर्च का स्थापन केले त्याची कारणे लिहून काढली आणि त्यांत म्हटले की, दास्याने जी भित्री सवय अंगी बाणवली आहे ती झटकून धुळीतून उठणे हा आमचा हेतू आहे.

पंथ कोणता निवडायचा, यावर मतदान झाले होते. जोन्स आणि ॲलन हे दोघेच मेथडिस्ट पंथाच्या बाजूने होते; बाकी बहुमत एपिस्कोपल पंथाकडे. मेथडिस्टांनी जो अनुभव दिला होता तो कोणी विसरले नव्हते. नेतृत्व आधी ॲलनला देऊ केले. ज्याने पहिली कुदळ मारली त्याने ते नाकारले आणि वेगळी वाट धरून त्याच जुलैत आपले बेथेल चर्च उघडले. जोन्सने बहुमत मानले. आपल्याला न पटलेला निर्णय स्वीकारून त्याच समाजाचे मेंढपाळपण करणे किती अवघड असते, हे धर्मगुरूंना विचारावे. दोघांची मैत्री मात्र तुटली नाही.

एपिस्कोपल चर्चपुढे जोन्सच्या मंडळींनी तीन अटी ठेवल्या होत्या: आम्हांला संघटित मंडळी म्हणून स्वीकारावे, आमच्या चर्चचा कारभार आमच्या हाती राहावा, आणि जोन्सला वाचक म्हणून नेमून तो पात्र ठरल्यास दीक्षा द्यावी. अटी मान्य झाल्या. दीक्षेसाठी ग्रीक आणि लॅटिन या भाषा येणे आवश्यक होते. जोन्सला त्यातून सूट मिळाली. आम्ही सेमिनरीत दोन्ही भाषांचे धडे गिरवले आहेत. आज त्यांतले किती उरले, हे न सांगितलेले बरे. अंकलिपी विकत घेऊन शिकलेल्या माणसाला ही सूट देणाऱ्यांनी उपकार केले असे आम्हांला वाटत नाही. शिवाय सूट फुकट नव्हती. या चर्चने धर्मप्रांताच्या वार्षिक परिषदेत आपला धर्मगुरू अथवा प्रतिनिधी पाठवू नये, ही तिची किंमत होती. म्हणजे चर्च तुमचे, वेदी तुमची. पण जेथे सर्वांविषयी निर्णय होतात तेथे तुम्हांला बाक नाही. ही बंदी १८६० नंतरच्या दशकात उठली. जोन्स १७९५ मध्ये डीकन झाला आणि नव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चचा पहिला कृष्णवर्णीय धर्मगुरू. १८१८ मध्ये तो वारला तेव्हा ती बंदी तशीच होती.

त्याने ती किंमत मोजावयास हवी होती काय? आम्ही यावर बराच विचार केला. आधी वाटले, नाही. मग वाटले, ज्याला गुडघ्यांवरून ओढून उठवले आहे त्याला आधी गुडघे टेकण्याची जागा हवी. मताचा प्रश्न तो नंतर लढवील. आजही आमचे मत एका ठिकाणी स्थिर नाही.

शेवटच्या सोमवारी आम्ही पाचव्या रस्त्यावर गेलो. ते पहिले चर्च आता तेथे नाही. मंडळी वेळोवेळी स्थलांतर करीत शहराच्या पश्चिम भागात ओव्हरब्रुक येथे गेली आणि तेथे ती आजही नांदते. मूळ जागी एक माहितीफलक तेवढा आहे. तेथून चौथ्या रस्त्यावरील आपले कॅथलिक सेंट मेरीज चर्च पायी काही मिनिटांवर. त्याच्या आवारातील दफनभूमीत मॅथ्यू कॅरी चिरनिद्रा घेत आहे. आम्ही त्याच्यासाठी ‘आमच्या बापा’ म्हटले. सुरुवातीला मन तयार नव्हते. नंतर लक्षात आले की, कॅरीने निदान चार ओळी लिहून अन्याय केला. आम्ही तर शेरा मारून केला, आणि त्याला उत्तर देणारी पुस्तिका कोणी छापली नाही.

परत आल्यावर आम्ही फायलीतून अर्ज काढला आणि एका सायंकाळी रेल्वे ओलांडून वस्तीत गेलो. वृद्ध गवंडी ओट्यावर बसला होता. त्याने खुर्ची आणवली. आम्ही सणाच्या सकाळचा विषय काढला आणि क्षमा मागितली. तो हसला.

“कधीची गोष्ट, फादर? मला तर काही आठवत नाही.”

आतून त्याच्या पत्नीचा आवाज आला, “आठवतंय त्यांना.”

त्यावर कोणी काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने नातीला खडू आणायला सांगितले आणि ओट्यावर चॅपेलचा नकाशा काढून दाखवू लागला. पंधरा फूट बाय पंचवीस. पाया किती खोल घ्यावा, पावसाचे पाणी कोणीकडे काढावे, वेदी कोणत्या भिंतीला. सारे त्याच्या डोक्यात तयार होते. अर्ज फायलीत पडून होता तेवढा सारा काळ तयार होते.

कौन्सिलमध्ये सारे राजी झाले असे नाही. दोन चुलींचा आमचाच शेरा आम्हांला वाचून दाखवण्यात आला आणि त्यात तथ्य नाही असे आम्हांला आजही म्हणवत नाही. वस्तीतील माणसे मुख्य चर्चमध्ये सुखाने बसली असती तर हे चॅपेल कदाचित लागलेच नसते. तरी परवानगी दिली. वस्तीच्या वतीने दोघांना कौन्सिलवर घेतले. त्या ठरावाला चॅपेलच्या ठरावाहून अधिक वेळ लागला. बांधकाम रविवारी, मिस्सा झाल्यावर चाले, कारण इतर दिवशी ते दुसऱ्यांची घरे बांधीत असत. रविवारच्या विश्रांतीच्या नियमाबद्दल एका सद्‌गृहस्थांनी आम्हांला टोकले. आम्ही ऐकून घेतले.

पहिल्या मिस्साच्या दिवशी पाऊस होता. मुख्य चर्चमधूनही काही कुटुंबे आली होती. ती जरा घुटमळली, मग चपला बाहेर काढून जेथे जागा मिळाली तेथे लादीवर बसली. बाके अजून आलेली नाहीत.